नाव पऱ्हाटीचे, चित्र शिंपी पक्ष्याचे

वाचकाचे पत्र : यवतमाळ जिल्ह्यातील वणीपासून जवळच आमचे गाव आहे. बचत गटातील आम्ही नऊ जणी तीन वर्षांपासून कुर्ते, झबली आणि मुलींचे फ्रॉक शिवतो. कापड नागपूरच्या गांधीबागेतून आणतो. बहुतेक कापड सुती असते, पण कुर्त्यांसाठी रेयॉनही घेतो, कारण ते स्वस्त मिळते आणि अंगावर छान पडते. आठवडी बाजार, जिल्ह्याचे प्रदर्शन आणि व्हॉट्सॲप अशी आमची विक्री आहे. आता सगळ्या कपड्यांना ‘पऱ्हाटी’ (आमच्याकडे कपाशीच्या झाडाला म्हणतात) या नावाचे लेबल लावायचे ठरले आहे. माझ्या भाचीने त्यासाठी पान शिवणाऱ्या शिंपी पक्ष्याचे चित्र काढून दिले आणि मला ते फार आवडले. अध्यक्षबाई मात्र म्हणतात की नाव पऱ्हाटी असेल तर चित्र कापसाच्या बोंडाचेच हवे, नाहीतर लोकांचा गोंधळ उडेल. सचिव म्हणतात, चरखा घ्या, वर्धा जवळच आहे. दिवाळीआधी लेबले यायला हवीत. नाव आणि चिन्ह जुळलेच पाहिजे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

उत्तर आधीच सांगून टाकते. नाव आणि चिन्ह जुळलेच पाहिजे असा काही नियम नाही, आणि तुमच्या बाबतीत ते न जुळणेच मला जास्त हिताचे वाटते. मात्र तुमच्या पत्रात न जुळणारी आणखी एक जोडी आहे. तिच्याविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. तिचाही विचार पुढे करू.

जर्मनीतील हेर्ट्सोगेनआउराख या लहानशा गावातील दोन सख्ख्या भावांचे उदाहरण इथे फार बोलके आहे. बुटांचा एकत्र धंदा मोडल्यानंतर रुडॉल्फ डास्लर यांनी १९४८ साली ‘प्यूमा’ आणि आडी डास्लर यांनी १९४९ साली ‘आदिदास’ ही कंपनी उभी केली. प्यूमा हे एका जंगली जनावराचे नाव आहे आणि तिचे चिन्हही झेप घेणारे तेच जनावर आहे. आदिदास हे मालकाच्या नावाचे आणि आडनावाचे तुकडे जोडून तयार केलेले नाव आहे आणि चिन्ह म्हणून आहेत तीन पट्ट्या, ज्यांचा त्या नावाशी काहीही संबंध नाही. एकाच गावात, एकाच प्रकारच्या मालात एका भावाचे नाव आणि चिन्ह तंतोतंत जुळले, दुसऱ्याचे मुळीच जुळले नाही, आणि पाऊणशे वर्षांनंतर दोघांचाही माल जगभर विकला जातो आहे. लाकोस्त या फ्रेंच कंपनीच्या सदऱ्यावर मगर असते. रने लाकोस्त या टेनिसपटूला लोक मगर म्हणत, म्हणून ती आली. आडनावात मगर कुठेच नाही.

पण तुमच्या कामाचा खरा धडा आहे तो लेव्हाय्‌स या अमेरिकी कंपनीचा. विजारीला तांब्याच्या खिळ्या ठोकण्याचे पेटंट या कंपनीला १८७३ साली मिळाले आणि १८८६ पासून तिने विजारीच्या मागे चामड्याचा एक तुकडा लावायला सुरुवात केली. त्यावर दोन घोडे एकच विजार दोन्ही बाजूंनी ओढत आहेत आणि ती फाटत नाही, असे चित्र होते. खाणीत आणि शेतात राबणाऱ्या तिच्या अनेक गिऱ्हाइकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. ते दुकानात येऊन ‘दोन घोड्यांची विजार’ मागत, आणि हा माल पुढे कित्येक वर्षे ‘दोन घोड्यांचा’ म्हणूनच ओळखला गेला. लेव्हाय्‌स हा शब्द कंपनीने व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून नोंदवला तो १९२८ साली. घोड्यांचा मालकाच्या नावाशी संबंध नव्हता, पण कापडाच्या मजबुतीशी पुरेपूर होता. चित्राने नावाची पुनरावृत्ती केली नाही, नावाने जे सांगितले नव्हते ते सांगितले.

आपल्याकडेही लोक डोळ्यांना जे दिसते त्यावरूनच कापडाला हाक मारतात. भंडारा-नागपूरकडील टसर रेशमाच्या साडीच्या किनारीवर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, म्हणून ती ‘करवत काटी’. तेव्हा अध्यक्षबाईंनी गोंधळाची जी भीती घातली आहे, ती मी थोडी बदलून तुमच्यासमोर ठेवते. चित्र नावाशी जुळते का, यापेक्षा ते चित्र पाहून बाजारातील बाई कपड्याला काय म्हणून हाक मारेल, हे पाहिले पाहिजे. ती ‘चिमणीवाला कुर्ता’ म्हणाली तर तुमचे काहीच बिघडत नाही. पुढच्या आठवड्यात ती शेजारणीला घेऊन तुमच्याच पालावर येईल आणि चिमणीवाला कुर्ता मागेल, एवढेच.

आता बोंडाविषयी. यवतमाळ जिल्ह्यात कापसाचे बोंड कुठे कुठे छापलेले असते ते एकदा आठवून पाहा. बियाण्यांच्या पाकिटांवर, फवारणीच्या औषधांच्या डब्यांवर, कृषी केंद्रांच्या पाट्यांवर, जिनिंगच्या फाटकांवर, पीक विम्याच्या पत्रकांवर. आपल्या भागात पिकलेल्या पांढऱ्या बोंडाचे चित्र पाहिले की माणसाला कपडा आठवत नाही. त्याला पेरणी, भाव आणि उधारी आठवते. त्याखाली ठळक अक्षरांत ‘पऱ्हाटी’ असेल तर प्रदर्शनात तुमच्या गाळ्यासमोर येऊन एखादा शेतकरी कोणते वाण आहे असे विचारेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. म्हणजे अध्यक्षबाई ज्या गोंधळाला भीत आहेत तो बोंडामुळेच होण्याचा संभव अधिक आहे. नावाने कापूस सांगितला आहे. चित्रानेही पुन्हा कापूसच सांगितला, तर तुम्ही कपडे शिवता ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची राहूनच जाते.

तुमच्या भाचीने ही उणीव अचूक हेरली आहे. शिंपी पक्षी पानाच्या कडांना चोचीने भोके पाडतो आणि त्यांतून कापसाचे किंवा झाडाचे तंतू, कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून पान शिवतो, आणि त्या द्रोणात घरटे करतो. लिंबाच्या, आंब्याच्या झाडावर, घराच्या कुंपणात तो सगळीकडे असतो, त्यामुळे तुमच्या गिऱ्हाइकाला तो परका नाही. पऱ्हाटीने धागा दिला, पक्ष्याने शिवण दिली. दोन्ही मिळून तुमच्या गटाचे काम पूर्ण सांगितले जाते. मला हे चित्र मनापासून आवडले.

ते तसेच्या तसे लेबलावर घालू नका, एवढे मात्र सांगते. पत्रासोबतच्या कागदावर पक्षी तळहाताएवढा आहे. हिरव्या रंगाच्या तीन छटा आहेत, पानावर सात बारीक टाके आहेत आणि खाली नाव वळणदार, बारीक अक्षरांत लिहिले आहे. गळ्याच्या लेबलावर हे सारे जेमतेम अंगठ्याएवढ्या जागेत येणार. तिथे तीन छटांची एकच छटा होईल, टाके दिसेनासे होतील आणि ‘पऱ्हा’मधील ऱ्ह धाग्याने बुजून जाईल. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे पंचिंग, म्हणजे चित्र भरतकामाच्या मशीनसाठी तयार करून घेताना हाच अनुभव येतो: अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान अक्षर भरतकामात नीट वाचता येत नाही, आणि देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे अडचण आणखी वाढते. शिवाय ऱ्ह हे जोडाक्षर कित्येक फॉन्टमध्ये मोडून ‘पर्हाटी’ असे उमटते. म्हणून नाव टाइप करून देऊ नका, भाचीकडून ती अक्षरे हाताने, जाड रेषेत काढून घ्या. पक्षी एकाच रंगात असावा. त्याची उभी शेपटी आणि सुईसारखी टोकदार चोच ठळक ठेवा, सातांऐवजी तीनच मोठे टाके ठेवा. छपाई स्क्रीनची असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि खर्च रंगागणिक चढतो, हेही एकरंगी चित्राच्या बाजूने आहे.

मग ते चित्र अंगठ्याएवढे लहान करून साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढा, नावाचा भाग कापून टाका आणि पुढच्या बाजारच्या दिवशी ओळखीच्या नसलेल्या पंधरा-वीस बायकांना ते दाखवून हे काय आहे, एवढेच विचारा. बहुतेकींनी चिमणी, पाखरू किंवा शिंपी म्हटले तर काम झाले. पोपट म्हटले तर शेपटी आणि चोच पुन्हा काढावी लागेल. काहीच सांगता आले नाही तर चित्र अजून कच्चे आहे. अध्यक्षबाईंनाही सोबत न्या, त्यांच्या कानांनी ऐकलेले उत्तर माझ्या पत्रापेक्षा त्यांना अधिक पटेल. बोंडाचे चित्रही त्याच पद्धतीने दाखवा आणि त्यावरून हे दुकान कशाचे असेल, असे विचारून पाहा.

चरख्याचा विचार मात्र कृपा करून सोडून द्या. सचिवबाईंची भावना मी समजू शकते. गांधीजींचे सेवाग्राम आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय आपल्या शेजारी आहेत, त्यांचा अभिमान आपल्याला असायलाच हवा. पण चरखा पाहिला की गिऱ्हाईक हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड समजते, आणि कायद्याने खादी म्हणतात तीही त्यालाच. तुमचे कापड गिरणीचे आहे. ‘खादी मार्क’ या अधिकृत खुणेशिवाय कोणतेही कापड खादी म्हणून विकू नये, असे २०१३ चे नियम सांगतात, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या स्वतःच्या बोधचिन्हातही चरखा आहे. आयोग या बाबतीत न्यायालयात जायला मागेपुढे पाहत नाही. पण आयोगाची नोटीस येईल म्हणून नव्हे, तर जे कापड तुम्ही विकत नाही त्याची खूण तुमच्या कपड्यावर असू नये, म्हणून मी हे सांगते आहे. पक्षी नावाशी जुळत नाही, पण तो खोटे काही सांगत नाही. चरखा सांगेल. याच ओघात, महात्मा गांधी किंवा छत्रपती शिवाजी महाराज यांचे नाव वा चित्र व्यापारचिन्हात वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याने मनाई आहे, हेही गटात सांगून ठेवा, कारण चरख्यानंतर बहुधा तीच सूचना येते.

आता ती दुसरी जोडी. तुम्ही ‘पऱ्हाटी’चे लेबल सगळ्या कपड्यांना लावणार आहात आणि त्यांतले काही कुर्ते रेयॉनचे आहेत. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनते. पऱ्हाटीचा त्यात एक तंतूही नसतो. ज्या भागात घरोघरी कापूस वेचला जातो तिथे ‘पऱ्हाटी’ लिहिलेला कुर्ता घेणारी बाई तो सुती आहे असे समजूनच पैसे देईल, आणि तिचा हा समज तुमच्या नावानेच करून दिलेला असेल. बाजारात ‘रेयॉन कॉटन’ असे सर्रास म्हटले जाते, त्यामुळे कदाचित तुम्हालाही यात काही वावगे वाटले नसेल. धागा जाळून पाहण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे तिनेही हा फरक कळत नाही. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते, पण सूत आणि रेयॉन दोन्ही कागदासारखे जळतात, वासही तसाच येतो आणि मागे राखच उरते. फरक कळतो तो पाण्यात. भिजल्यावर सुताची ताकद वाढते आणि रेयॉनची बरीच घटते. एक धागा ओला करून ओढला तर रेयॉन चटकन तुटते. म्हणूनच विहिरीवर किंवा नदीवर आपटून धुतलेला रेयॉनचा कुर्ता शिवणीपाशी फाटतो, आणि तेव्हा त्या बाईला रेयॉन आठवणार नाही, ‘पऱ्हाटी’ आठवेल.

रेयॉन विकू नका असे माझे म्हणणे नाही. ते अंगाला मऊ असते, उन्हाळ्यात बरे वाटते आणि अडीचशे-तीनशे रुपयांत चांगला कुर्ता हवा असणारीला ते मिळायला हवे. फक्त ‘पऱ्हाटी’ हे नाव निखळ सुती कपड्यांपुरतेच राखा. रेयॉनच्या कुर्त्यावर आणि मिश्र धाग्याच्या फ्रॉकवर नाव घालू नका, नुसता पक्षी घाला आणि त्याखाली ‘रेयॉन’, ‘सुती-पॉलिस्टर मिश्र’ असे जे असेल ते स्पष्ट लिहा, सोबत ‘हलक्या हाताने धुवावे, आपटू नये’ ही सूचनाही. इथे तुमच्या भाचीचे न जुळणारे चित्र किती कामाचे आहे ते पाहा. पक्षी शिवण सांगतो आणि शिवण तुमच्या प्रत्येक कपड्यात आहे, म्हणून तो कोणत्याही कापडावर खरेपणाने बसू शकतो. चिन्ह म्हणून बोंड निवडले असते तर रेयॉनच्या प्रत्येक कुर्त्यावर ते खोटे ठरले असते, आणि उद्या तुम्ही टसर किंवा लोकर शिवायला घेतली तरी पुन्हा हाच पेच आला असता.

नोंदणीचेही थोडक्यात सांगते. व्यापारचिन्ह १९९९ च्या कायद्याखाली नोंदवले जाते, तयार कपड्यांचा वर्ग २५ आहे. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. अर्जाची छाननी झाल्यावर चिन्ह व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होते, त्यावर हरकत घ्यायला इतरांना चार महिने मिळतात, आणि नोंदणी दहा वर्षांसाठी होऊन पुढे नूतनीकरण करता येते. अर्जाआधी निबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर हे नाव आणि असा पक्षी वर्ग २५ मध्ये आधीच कोणाचा आहे का, हे विनामूल्य पाहता येते. ते पाहिल्याशिवाय लेबलांची मोठी मागणी देऊ नका. ‘पऱ्हाटी’ हा शब्द सुती कपड्याचा कच्चा माल सांगतो, त्यामुळे एकट्या शब्दाच्या नोंदणीला वर्णनात्मक म्हणून आक्षेप येऊ शकतो. पक्ष्याच्या चित्राला त्या कारणाने आक्षेप येण्याचे कारण नाही. नाव आणि चित्र मिळून एकच चिन्ह नोंदवले तर संरक्षण त्या संपूर्ण चिन्हाला मिळते, त्यातील नुसत्या शब्दावर किंवा नुसत्या चित्रावर वेगळा हक्क मिळत नाही. तुम्ही काही कपड्यांवर पक्षी एकटाच वापरणार आहात, म्हणून पैसे एकाच अर्जापुरते असतील तर तो आधी पक्ष्यासाठी करा आणि नावाचा अर्ज पुढच्या हंगामात करा. नोंदणी होईपर्यंत टीएम ही अक्षरे लावायला हरकत नाही. वर्तुळातला आर मात्र नोंदणी हातात आल्यावरच.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे ठरवल्याशिवाय अर्ज भरायला बसू नका. एकीच्या नावाने केलेली नोंदणी गट फुटला की तिच्याकडेच राहते, आणि अशा भांडणात चांगले चाललेले गट मोडतात. संयुक्त नावाने अर्ज करता येतो. गटाची नोंदणी कोणत्या स्वरूपाची आहे ते वकिलाला दाखवून, सभेत ठराव करून, नऊ जणींच्या सह्या घेऊनच पुढे जा. भाचीकडूनही एक कागद करून घ्या. चित्राचा हक्क मुळात ते काढणाऱ्याचा असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी असावे लागते. ती घरचीच आहे म्हणून हे टाळू नका, आणि घरचीच आहे म्हणून तिला फुकटही राबवू नका. ठरेल तो मोबदला द्या आणि तो कागदावर लिहा.

अध्यक्षबाईंच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती तुम्ही त्यांच्याजवळ मोकळ्या मनाने मान्य करा. पुण्या-मुंबईकडून व्हॉट्सॲपवर मागणी करणाऱ्या अनेकांना ‘पऱ्हाटी’ हा शब्द ठाऊक नसेल, आणि त्यांना ते कपाशीचे झाड आहे हे कुठेतरी कळायला हवे. ते काम सुती कपड्यांना लोंबणाऱ्या कागदी टॅगवर करता येईल: एका बाजूला पक्षी आणि नाव, दुसऱ्या बाजूला बोंडाचे लहानसे चित्र आणि ‘शंभर टक्के सुती’ ही ओळ. असे केले तर बोंड तुमच्या मालातील सुती कपड्याची खूण होईल, आणि अध्यक्षबाईंनी सुचवलेले चित्र जिथे खरे आहे नेमके तिथेच लागेल.

विणलेली लेबले सहसा हजारांच्या हिशेबाने करावी लागतात, म्हणून या दिवाळीला त्यांच्या मागे लागू नका. साटीनच्या पट्टीवर छापलेली लेबले थोडी थोडी करून मिळतात. सुती कपड्यांसाठी नाव आणि पक्षी असलेली एक, बाकीच्यांसाठी पक्षी आणि कापडाचे नाव असलेली दुसरी, अशी दोन प्रकारची लेबले फक्त दिवाळीच्या मालापुरती छापून घ्या. संक्रांतीपर्यंत बाजारात लोक काय म्हणून कपडे मागतात ते ऐका, आणि मगच विणलेल्या लेबलांचे पैसे भरा.